तिवराचं मीठ, शिंप्याची तहान

वसईतल्या होळी भागातून दक्षिणेला, किल्ल्याच्या अंगाला गेलं की खाडी लागते आणि काठाने तिवरं. ऊन चढल्यावर तिवराचं एखादं पान जिभेला लावून पाहा, खारट लागेल. नीट पाहिलं तर त्यावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात. जवळच्या मिठागरात जे ऊन-वारा करतो, ते इथे पान करतं.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. बहुतेक मीठ तिवराच्या मुळांपाशीच अडतं. पण खाऱ्या चिखलातून गोडं पाणी ओढून घेणं सोपं नाही. 1965 मध्ये शास्त्रज्ञ शोलँडर आणि सहकाऱ्यांनी तिवरासारख्या खारफुटीच्या फांद्यांतला, पाणी वर ओढणारा ताण मोजला. तो 25 वातावरणांच्या दाबाहूनही जास्त भरला, तोही कुठल्याही पंपाशिवाय! मला तिवराचं सगळ्यात मोठं नवल हेच वाटतं. एवढं करूनही जे मीठ आत शिरतं, ते पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथी बाहेर टाकतात.

याच फांद्यांत शिंपी टुणटुणत असतो. जेमतेम तेरा सेंटिमीटरचा, वजन दहा ग्रॅमच्या आत, आवाज मात्र खाडीपल्याड जाईल असा. पानं शिवून घरटं करणारा हा पक्षी मिठापुढे अगदी दुबळा. समुद्रपक्ष्यांचं तसं नाही. त्यांच्या डोळ्यांजवळच्या ग्रंथी समुद्रापेक्षाही खारट द्रव नाकावाटे गाळतात. शास्त्रज्ञ श्मिट-नील्सन यांनी हे 1958 मध्ये पाणकावळ्यावर दाखवून दिलं. म्हणजे मीठ हाताळण्यात तिवर पाणकावळ्याच्या जवळचं, शिंप्याच्या नव्हे. शिंप्यासारख्या गाणाऱ्या पक्ष्यांकडे अशी काम करणारी ग्रंथीच नाही, आणि त्यांच्या मूत्रपिंडांचं बळही बेताचं.

मग चहूकडे खारं पाणी असताना शिंपी पितो काय? तो खातो किडे, आणि किड्याच्या अंगात बहुतांश पाणीच असतं. मुंबई-ठाण्याच्या खाड्यांत पावसाळा सरताना सागावरची एक अळी तिवरांवर अशी तुटून पडते की झाडं उघडीबोडकी होतात. पुढे ती पुन्हा पालवतात. त्या अळीच्या अंगातलं पाणी तिवराच्या पानातलं. मुळांनी खाऱ्या चिखलातून गाळून वर चढवलेलं. शिंप्याच्या चोचीत अळी सापडते तेव्हा तिवराने गोडं केलेला एक थेंब त्याच्या घशाखाली उतरतो.