गोधडीभोवतीचा गोतावळा

गोधडीवर लिहायचं म्हटलं की बहुतेक लेखणी मायेच्या उबेकडे आणि आजीच्या लुगड्याच्या वासाकडे वळते. ती ऊब खरी आहे, पण तिच्यामागे एक मोठी गोष्ट झाकली जाते. गोधडी ही महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या बायकांची एक संस्था होती आणि काही गावांत आजही आहे. सुगी उरकल्यावरचा ठरलेला हंगाम, दुपारची ठरलेली वेळ, कुणाची तरी पडवी किंवा ओसरी, आणि आज तू माझ्याकडे बसलीस तर उद्या मी तुझ्याकडे बसेन ही श्रमाची फेड, एवढ्यावर ती चालायची. घरातली, परसातली, चुलीपुढची फसगत एकीला झाली तर ती दहाजणींना कळायची जागा हीच. माझं म्हणणं असं आहे की ही बैठक गोधडीला वरून चिकटलेली नव्हती. गोधडी शिवण्याच्या पद्धतीतूनच ती निघाली होती. म्हणून गोधडी टिकवायची तर केवळ कापड आणि टाका टिकवून भागणार नाही.

आधी ती बनते कशी ते पाहू. नऊवारी लुगडं म्हणजे सुमारे 8.2 मीटर सुती कापड. त्याचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक तुकडा दोन मीटरच्या थोडा वर भरतो. दोन-दोन तुकडे कडेला कड लावून जोडले की एका लुगड्यातच गोधडीचं अस्तर आणि वरची बाजू, दोन्ही निघतात. मधल्या थरांसाठी धोतराचे धडपे, विटलेले परकर, पोरांचे सदरे असं काहीही चालतं; फक्त शिवणी उसवून, गुंड्या काढून, जाड काठ कापून ते सपाट करून घ्यायचे. अंथरताना नजर लागते ती इथे. एका थराचा विरलेला भाग जिथे येतो, तिथे दुसऱ्या थराचा धड भाग यायला हवा, नाहीतर दोन पावसाळ्यांत नेमकं तिथेच भोक पडतं. मग कापड सरकू नये म्हणून कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, जे जड असेल ते ठेवायचं, लांब लांब टाके घालून सगळे थर टाचून घ्यायचे, आणि कडेपासून आत धावदोरा सुरू करायचा. एक ओळ झाली की बोटभर अंतरावर दुसरी, मग तिसरी, अशी चारी बाजूंनी मध्याकडे सरकत. सुईचं नाक बोटाच्या पेरावर रेटून रेटून तिथे घट्टा पडतो. थर फारच जाड असले तर सुई वाकते आणि दाभण काढावं लागतं.

हे काम एकटीला जमतं, आणि कितीतरी बायकांनी एकटीने गोधड्या शिवल्या आहेत. मग बैठक शिवणीतूनच निघाली असं कसं म्हणायचं? याचं उत्तर कापडाच्या वजनात आहे. एकटी शिवणारी बाई गोधडी स्वतःभोवती फिरवत राहते. प्रत्येक ओढीला थर हलतात, टाचण सैल होते आणि मध्ये झोळ जमतो. चौघी चार बाजूंना बसल्या की कापड जमिनीवर निपचित पडून राहतं आणि बायकाच टाक्यागणिक आत सरकतात. पण त्यासाठी चौघींचा हात एका लयीत चालावा लागतो. एकीने दोरा जास्त ओढला तर शेजारणीच्या बाजूला चुणी येते. एक मागे राहिली तर ओळींचे कोपरे जुळत नाहीत. जुन्या गोधडीवर तळहात फिरवला तर कुठे घट्ट हात संपला आणि कुठे सैल हात सुरू झाला ते कळतं. चौघींची गोधडी लवकर होते, सपाट होते आणि जास्त टिकते. सोबत ही इथे कामाची गरज आहे.

दुसरं कारण टाक्याचं. धावदोरा हात आणि डोळे गुंतवतो, कान आणि तोंड मोकळं ठेवतो. धारवाडकडची कसुती बघा. तिथे कापडाचे धागे मोजून टाका घालायचा असतो. बोलता बोलता मोजणी चुकली की नक्षी बिघडते. जात्यावर घरघर असते, म्हणून तिथे ओवी रुजली, जिला आवाजावर स्वार होता येतं. शेतात भांगलताना ओळी पुढे-मागे होतात, बोलणं अर्धवट राहतं. गोधडीवर मात्र सलग दोन-तीन तास त्याच चारचौघी हाताच्या अंतरावर असतात आणि कामाचा आवाज नसतो. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. सगळ्यांच्या नजरा खाली, टाक्यावर असतात. समोरासमोर बसून, डोळ्याला डोळा भिडवून जे सांगताना जीभ अडखळते, ते खाली बघून सांगता येतं. पापडखार जास्त पडला आणि पापड तळल्यावर लाल झाले, बरणीत ओला चमचा गेला आणि वर्षाच्या लोणच्याला बुरशी आली, दूध उतू गेलं आणि सासूने आठवडाभर ऐकवलं, इथपासून ते नवऱ्याने दागिना गहाण टाकला इथपर्यंत. स्वतःची चूक कबूल करायला अशी जागा लागते, आणि चूक कबूल झाल्याशिवाय दुसरीला ती टाळता येत नाही.

परसबागेचं उदाहरण घ्या, कारण तिथे हे सर्वांत स्पष्ट दिसतं. भोपळ्याच्या वेलाला पहिल्यांदा नर फुलं येतात आणि गळतात. नवखी बाई घाबरते, वेल वांझ निघाला म्हणून उपटूनही टाकते. थोडं थांबलं की मागे फुगीर देठाची मादी फुलं येतात, आणि माश्या कमी असतील तर सकाळी नर फूल खुडून मादी फुलावर फिरवलं की फळ धरतं. कोवळ्या पानांवर लाल भुंगेरे पडले तर चुलीतली राख चाळून भुरभुरायची, दोडक्याचं बी राखेत घोळवून ठेवायचं, घेवड्याच्या पहिल्या बहरातल्या चांगल्या शेंगा भाजीला न तोडता बियांसाठी राखायच्या: हे शहाणपण कुणाच्या तरी फसलेल्या वेलातून आलेलं असतं. ते पोचायला तोंडी सांगणं लागतं, आणि सोबत पदराच्या गाठीत मूठभर बी. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्यांच्या जतनासाठी 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. घेवड्याचे, वालाचे इतके वाण त्यांना गोळा करता आले, कारण घरोघरच्या बायकांनी ते तोवर राखले होते. बी राखणं आणि चिंधी राखणं यांत एकच हिशेब आहे: आज टाकून द्यावंसं वाटतं त्यात पुढच्या वर्षाची सोय असते.

यावर आक्षेप येतात आणि ते हलके नाहीत. पहिला असा की हे गरिबीचे गोडवे गाणं आहे. ज्यांना रजई परवडत नव्हती त्या चिंध्या जोडत बसल्या. गरिबी होती हे खरंच. पण खाऊनपिऊन सुखी घरांतही नव्या बाळासाठी दुपटं जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाचंच करत, कारण नवं कापड बाळाच्या अंगाला टोचतं. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरते आणि सूत घाम शोषतं, हे गुण श्रीमंती-गरिबी बघत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: या बैठका आळीच्या होत्या आणि आळी जातीची होती. कुणाच्या ओसरीवर कोण बसेल हे टाक्याने ठरत नव्हतं. शिवाय त्याच गप्पांत एखाद्या सुनेची, एखाद्या विधवेची चिरफाडही होत असे. हे दोन्ही मान्य केलेच पाहिजेत. यावरून बैठकीला कुंपण होतं हे सिद्ध होतं. ती निरुपयोगी होती हे सिद्ध होत नाही. ज्यांना आत जागा होती त्यांना तिथे काय मिळालं हे कळलं, तरच ज्यांना बाहेर ठेवलं त्यांचं काय हिरावलं गेलं ते नीट मोजता येतं.

कुंपणाबाहेरच्यांनीही हीच रीत उभी केली, हे विसरून चालणार नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागात सिद्दी समाज राहतो. त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज पोर्तुगीज गोव्यात गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकी लोक होते आणि आजही कोकणी त्यांची बोली आहे. त्यांच्या बायका शिवतात ती कवंदी. तिथेही कडेपासून आत फिरत जाणारा धावदोरा असतो, आणि चार कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुलं लावल्याखेरीज कवंदी पूर्ण मानत नाहीत. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या गीज बेंडच्या कृष्णवर्णीय बायकांनीही जुन्या कामाच्या कपड्यांतून रजया केल्या. त्या परिसरात 1966 मध्ये, नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात, फ्रीडम क्विल्टिंग बी ही सहकारी संस्था निघाली. 2002 मध्ये गीज बेंडच्या रजया ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या आणि 2006 मध्ये टपाल तिकिटांवर आल्या.

गीज बेंडचा दाखला देऊन तिसरा आक्षेप घेता येतो: मग आपल्याकडेही बाजार येऊ द्या, बायकांच्या हातात पैसा येऊ द्या. येऊ द्याच. शहरांत दारोदार फिरून गोधड्या शिवून देणाऱ्या बायका आणि ऑर्डरी घेणारे बचत गट यांच्यासाठी ही रोजीरोटी आहे, आणि तिच्या आड कुणी स्मरणरंजन आणू नये. सुती लुगडी गेली, सिंथेटिक साड्या आल्या; त्या घाम शोषत नाहीत आणि थरांतून निसटतात, तेव्हा पूर्वीचा कच्चा माल घरात उरलेलाच नाही. सोलापुरी चादर स्वस्त आणि चांगली मिळते. घरापुरती गोधडी शिवायचं कारण आटलं असताना विक्रीच तिला तगवू शकते. प्रश्न विक्रीचा नसून काम कसं वाटलं जातं याचा आहे. नगावर मजुरी ठरवून एकेकीला घरी कापड दिलं की प्रत्येकजण आपल्या खोलीत, आपल्या दिव्याखाली, एकटी शिवते. मजुरी तेवढीच राहते, मान मोडते, झोळ येतो म्हणून माल परत येतो, आणि वेल का वाळला हे विचारायला शेजारी कुणी नसतं. त्याऐवजी गटाने एक खोली धरावी, चौघींमागे एक गोधडी द्यावी आणि भाव ठरवताना बसलेल्या तासांचा हिशेब लावावा. आळीच्या ओसरीवर जिला पूर्वी बोलावलं नसतं तिलाही या खोलीत बाजू मिळू शकते, कारण इथली जागा गटाच्या हजेरीपटावरून ठरते. खरेदीदार सगळे टाके एकसारखे मागेल. तेव्हा गटाने त्याला गोधडी उलटी करून दाखवावी आणि कुठे कुणाचा हात बदलला ते बोट ठेवून सांगावं.