फोर्कलिफ्टपेक्षा लायसन्सच अडते तेव्हा



साखर गोदामातली फोर्कलिफ्ट अडली, की मिस्त्री आता पान्ह्याआधी लॅपटॉप काढतो. नव्या यंत्रांत मोटर, पंप यांच्यावर छोटे संगणक देखरेख करतात. जुंगहाइनरिशचे 'जुडिट', लिंडेचे 'पाथफाइंडर' अशी कंपनीगणिक निराळी सॉफ्टवेअरे त्यांच्याशी बोलतात. मध्ये एक डबी लागते, तिला इंटरफेस म्हणतात. आणि बिघाड कळायच्या आधीच पडद्यावर येतं, 'लायसन्स अवैध'! दारात ट्रक उभे, हमाल बसून.

हे लायसन्स बहुधा मुदतीचं असतं. शिवाय ते ठरावीक लॅपटॉपला किंवा डबीच्या नंबराला बांधलेलं असतं. ऊसनोंद एका गटाची अन् तोडीची चिठ्ठी दुसऱ्या गटाची, असं झालं तर जे होतं तेच इथं होतं. हार्ड डिस्क किंवा मदरबोर्ड बदलला, की लायसन्स आपल्या लॅपटॉपला ओळखेनासं होतं.

सगळ्यांत फसवी गोष्ट तारखेची. जुन्या लॅपटॉपमधला बटणासारखा सेल संपला, तर घड्याळ कित्येक वर्षं मागं जातं. सॉफ्टवेअरला वाटतं, मुदत लांबवायला कुणी तारीख फिरवली! म्हणून तारीख आधी पाहावी. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये डबी दिसते का ते बघावं. विंडोज अपडेटनंतर ड्रायव्हर बिघडून डबी सापडली नाही, तरी बोंब लायसन्सचीच होते.

डबी दिसते, लायसन्स चालतं, तरी फोर्कलिफ्ट उत्तर देत नाही? मग वायरिंगकडे वळावं. बॅटरीचा प्लग काढून कॅनच्या दोन तारांत मीटर लावावा. 60 ओहमच्या आसपास आले तर दोन्ही टोकांचे 120 ओहमचे रोधक शाबूत. 120 दाखवले, तर एक टोक सुटलंय.

बाजारात 'क्रॅक' केलेली कॉपी स्वस्तात मिळते. ती आम्हाला साफ नामंजूर. वेगाच्या आणि उचलण्याच्या मर्यादा अशाच सॉफ्टवेअरमधून बदलता येतात, आणि उचललेल्या पोत्यांखाली आपलीच माणसं वावरतात.

लायसन्स कारखान्याच्या नावे आहे का, मुदत किती, लॅपटॉप बदलल्यास नवं कोण देणार, हे खरेदीच्या करारातच लिहून घ्यायला हवं. नाहीतर पैसे सभासदांचे अन् किल्ली दुसऱ्याच्या खिशात. येत्या वार्षिक सभेत हा प्रश्न जरूर विचारा.