वयात येताना (भाग ५) : सोनोग्राफीच्या आधी साखर

मेंदू आणि अंडाशय मिळून पाळीचं चक्र कसं चालवतात, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आज ते अडतं तेव्हाचं. सदलग्यातल्या एखाद्या नववीतल्या मुलीची पाळी दोन-तीन महिने लांबली, की आई तिला चिकोडीला नाहीतर इचलकरंजीला नेते. सोनोग्राफी होते, ‘गाठी आहेत’ असं कळतं आणि घरात लग्नाची, मुलाबाळांची काळजी सुरू होते. हा क्रम मोडायला हवा.

त्या गाठी नसतातच. अर्धवट वाढून थांबलेल्या त्या बीजपुटिका, आणि या वयात निरोगी मुलींतही त्या भरपूर दिसतात. म्हणून २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या पाळीनंतर आठ वर्षं होईपर्यंत पीसीओएसचं (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, ज्याला लोक ‘गाठी’ म्हणतात) निदान सोनोग्राफीवरून करायचं नाही. दोन गोष्टी एकत्र हव्यात : अनियमित पाळी, आणि पुरुषी हार्मोन वाढल्याची खूण. पाळीचं पहिलं वर्ष मागंपुढं होतंच. पुढची दोन वर्षं ४५ दिवसांपर्यंत चालतं, त्यानंतर ३५. पहिल्या वर्षानंतर एकदा जरी ९० दिवस उलटले, तरी डॉक्टरांकडे जावं.

निकषांनी केवढा फरक पडतो पाहा. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेची मुंबईतल्या १५ ते २४ वयाच्या मुलींची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. सोनोग्राफीही धरणाऱ्या रॉटरडॅम निकषांनी २२.५ टक्के मुलींना पीसीओएस निघाला. पुरुषी हार्मोनचा आग्रह धरणाऱ्या निकषांनी १०.७ टक्के. मुली त्याच.

बहुतेकींच्या बाबतीत मूळ दुखणं इन्सुलिनचं असतं. शरीर इन्सुलिनला दाद देईना, की स्वादुपिंड ते जास्त सोडतं. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला टेस्टोस्टेरॉन, म्हणजे तेच पुरुषी हार्मोन, करायला लावतं. शिवाय टेस्टोस्टेरॉनला रक्तात बांधून ठेवणारं प्रथिन यकृतात कमी तयार होतं. मग हनुवटीवर राठ केस येतात, पुरळ जात नाही, बीज पक्व होत नाही. मानेवरचा मखमली काळा पट्टाही याचाच. आया तो मळ समजून घासतात आणि वर मुलीला बोलतात. घासू नका, तिची साखर तपासा.

मुलगी काटकुळी असली तरी तपासा. आपली नवजात बाळं वजनानं कमी असली तरी अंगातली चरबी त्या मानानं कमी नसते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवलं; म्हणजे बारीक दिसणाऱ्या अंगातही चरबी असू शकते. उपाशीपोटीची साखर एकटी पुरत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनीही रक्त द्यावं. सोबत रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल.

दूधगंगेकाठच्या या ऊसपट्ट्यात काकवी-गूळ चालतो असं मानतात. इन्सुलिनच्या दृष्टीनं गूळ ही साखरच. ज्वारीची भाकरी, उसळ, शेंगदाण्याची चटणी घरातच आहे, आणि दिवस मावळायच्या आत जेवायची जैन घरातली रीत तर जपण्यासारखी. आंध्रातल्या अनंतपूरला पीसीओएस असलेल्या १५ ते १८ वयाच्या मुलींना बारा आठवडे योगाभ्यास दिला, तेव्हा त्यांचं इन्सुलिन आणि पुरुषी हार्मोन दोन्ही सुधारले. दहावीच्या वर्षी मुलीचं मैदान बंद करू नका. रोज तासभर घाम यायला हवा.

पुढं बहुतेकींना मुलं होतात, काहींना उपचार घेऊन. मधुमेहाचा धोका मात्र आजपासूनच सांभाळायचा आहे. मेटफॉर्मिन आणि हार्मोनच्या गोळ्या कुणाला, किती दिवस, ते पुढच्या भागात.