मुलांसाठी योगासने : खरा फायदा कोणता, आणि कोणत्या अपेक्षा ठेवू नयेत

जून महिना आला की दवाखान्यात दोन प्रश्न हमखास येतात. पहिला म्हणजे, "डॉक्टर, याला योगाच्या क्लासला घालू का?" आणि दुसरा लगेच त्याच्या मागोमाग, "त्याने उंची वाढेल ना?" २१ जूनच्या योग दिनाला शाळेने सगळ्या मुलांना मैदानात उभे करून ताडासन करून घेतलेले असते, त्यामुळे घरात विषय ताजा असतो. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर बहुतेक वेळा 'हो, घाला' असे असते. दुसऱ्याचे 'नाही'. योगाकडून नको ती अपेक्षा ठेवली की कधी कधी मुलाला त्रासही होतो, म्हणून या दोन्ही उत्तरांमागची कारणे पालकांनी समजून घ्यायला हवीत.

सर्वांत मोठा फायदा श्वासाचा

मुलाला योगातून एकच गोष्ट शिकवायची असेल, तर मी आसनांच्या आधी संथ श्वास निवडेन.

आपण श्वास आत घेतो तेव्हा हृदयाचे ठोके थोडे वाढतात आणि सोडतो तेव्हा थोडे मंदावतात. मेंदूतून हृदयापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस हे काम करते. श्वास सोडताना तिचा जोर वाढतो आणि हृदयाला लगाम लागतो. लहान मुलांमध्ये हा फरक इतका ठळक असतो की, छाती तपासताना तो स्टेथोस्कोपमधून स्पष्ट ऐकू येतो. ईसीजीच्या कागदावर 'सायनस अ‍ॅऱ्हिदमिया' असे छापून आले की पालक घाबरून येतात. मुलांमध्ये बहुतेक वेळा तो आजार नसतो, श्वासासोबत बदलणारी हृदयाची नेहमीची लय असते.

आता याच गोष्टीचा उपयोग करायचा. श्वास सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा लांबवला की ठोके उतरतात, खांदे सैल होतात आणि छातीतली धडधड कमी होते. भ्रामरीत मूल गुणगुणते किंवा ॐकार लांबवते, तेव्हा उच्छ्वास आपोआप लांबतो. त्यामुळे आकडे मोजता न येणाऱ्या पाच-सहा वर्षांच्या मुलालाही भ्रामरी जमते. त्याहून लहान मुलाला पाठीवर झोपवा, पोटावर त्याचे आवडते खेळणे ठेवा आणि ते वर-खाली करायला सांगा. त्याला पोटाने श्वास घ्यायला शिकवण्याची याहून सोपी रीत मला माहीत नाही.

किशोरवयीन मुलांसाठी हे जास्त मोलाचे आहे. दहावी-बारावीच्या वर्षी सकाळी पोटात दुखणे, पेपरच्या आधी हातापायांना घाम सुटणे, रात्री दोनपर्यंत झोप न लागणे अशा तक्रारी घेऊन अनेक मुले येतात. तपासण्या सगळ्या नॉर्मल निघतात. 'काही नाही, मनाचे खेळ' असे म्हणून या मुलांना परत पाठवू नये, कारण त्रास खरा असतो. अशा मुलांना रोज पाच मिनिटे संथ श्वसनाची सवय लागली, तर अनेकांना हातात काहीतरी आल्यासारखे वाटते. मात्र ही सवय जुलै-ऑगस्टपासून लागायला हवी. पोहायला येत नसलेल्याला विहिरीत पडल्यावर पोहायला शिकवता येत नाही, तसेच परीक्षेच्या सकाळी पहिल्यांदा 'दीर्घ श्वास घे' सांगून उपयोग होत नाही.

मुलांच्या चिंतेवर आणि ताणावर योगाचा काय परिणाम होतो, यावर अभ्यास झाले आहेत. बरेचसे लहान आणि थोड्या आठवड्यांचे आहेत. त्यांतून दिसणारा फायदा खरा वाटतो, पण माफक आहे. म्हणजे नेहमीच्या ताणावर योग चांगला आहे. पण मूल दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास असेल, मित्रांपासून तुटले असेल, किंवा 'मी नसलो तर बरे' असे काही बोलले असेल, तर प्राणायामावर विसंबून थांबू नका. डॉक्टरांकडे या किंवा टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा.

वाढत्या शरीराला काय मिळते

मुलींची उंची साधारण अकरा-बारा वर्षांच्या आसपास आणि मुलांची तेरा-चौदाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते. या काळात हाडे भराभर लांब होतात आणि स्नायू थोडे मागे पडतात. त्यामुळे गेल्या वर्षी सहज पायाचे अंगठे धरणारा मुलगा या वर्षी गुडघ्याखाली हात नेऊ शकत नाही. मांडीच्या मागचे स्नायू ताठ, दिवसभर बाक आणि संध्याकाळी क्लासची खुर्ची, वर मान खाली घालून मोबाइल. मग तेराव्या वर्षी कंबरदुखीची तक्रार येते. ताडासन, मार्जारासन, भुजंगासन, सेतुबंधासन आणि पाय पसरून हळूहळू पुढे वाकणे यांनी अशा दुखण्यात चांगला फरक पडतो. हात पोहोचत नसतील तर गुडघे थोडे वाकवावेत किंवा तळपायाला ओढणी अडकवून तिची टोके धरावीत. पट्टा, खुर्ची, लाकडी ठोकळे यांचा आधार घेण्याची पद्धत पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी घडवली आणि ती जगभर गेली. आधार घेणे म्हणजे 'आसन न येणे' नव्हे, हे मुलांना आवर्जून सांगा.

वृक्षासनासारख्या तोल सांभाळण्याच्या आसनांत डोळे, कानाच्या आतला तोलाचा भाग आणि घोट्यातल्या संवेदना एकत्र काम करतात. डोळे उघडे ठेवून सहज तोल सांभाळणाऱ्या मुलाला डोळे मिटायला सांगा, म्हणजे यातला प्रत्येकाचा वाटा किती ते त्यालाच कळेल. मुलांना हा प्रयोग फार आवडतो.

आणखी एक फायदा मला महत्त्वाचा वाटतो. क्रिकेटच्या संघात शेवटी निवडला जाणारा, धावताना मागे पडणारा, जरा जाडसर मुलगा खेळापासून हळूहळू लांब जातो. योगासनांत कोणी बाद होत नाही. अशा मुलाला स्वतःच्या शरीराशी पुन्हा मैत्री करायला ही जागा बरी असते. अर्थात, शिक्षकांनी तिथेही 'कोण जास्त वाकतो' अशी चढाओढ लावली, तर हा फायदा संपतो. योगासन हा आता स्पर्धेचा खेळ आहे, २०२० साली केंद्र सरकारने त्याला तशी मान्यता दिली आहे. ज्यांना आवड आहे त्यांनी चांगल्या प्रशिक्षकाकडे जरूर खेळावा. पण शाळेतल्या पन्नास मुलांच्या तासाला स्पर्धेचे नियम लावू नयेत.

याच संदर्भात एक सूचना. काही मुलांचे सांधे जन्मतःच जास्त सैल असतात. त्यांचा अंगठा मनगटाकडे वळवला की हाताला टेकतो, गुडघे आणि कोपरे उलट्या बाजूला वाकतात. वर्गात सगळ्यांत जास्त टाळ्या याच मुलांना मिळतात आणि सांधा दुखावण्याचा धोकाही त्यांनाच जास्त असतो. त्यांना आणखी ताणण्याची गरज नाही. त्यांना स्नायूंची ताकद हवी.

जे मिळत नाही

उंची. ती आई-वडिलांकडून आलेली जनुके, आहार, झोप, हार्मोन्स आणि एकूण आरोग्य यांवर ठरते. लोंबकळून किंवा ताडासनाने हाड लांब होत नाही. पाठ सरळ झाल्यामुळे मूल उंच दिसते, तेवढेच. वर्षभरात उंची फारशी वाढली नसेल तर क्लास बदलण्यापेक्षा उंचीचा तक्ता घेऊन डॉक्टरांना भेटा.

चष्मा. मायनस नंबरमध्ये डोळ्याचा गोल लांबट झालेला असतो, त्राटक करून तो आखूड होत नाही. नंबर लागण्याचे लांबवायचे असेल तर मुलांनी रोज दिवसाउजेडी मोकळ्यावर खेळणे उपयोगाचे ठरते.

आणि वजन, किंवा एकूणच दमसास. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल हवी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडे-स्नायू मजबूत करणारे व्यायाम हवेत. संथ आसने बहुतेक वेळा या मोजमापात बसत नाहीत. धावणे, उड्या मारणे यांत हाडांवर जो भार येतो, तो शवासनात येत नाही. म्हणून खेळाचा तास कापून योगाचा तास ठेवणे मला पटत नाही. भरभर घातलेले सूर्यनमस्कार हा अपवाद. त्यात दमही लागतो आणि हातांवर शरीराचा भारही येतो. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले ते काही उगीच नाही. तरीही लगोरी, खो-खो, सायकल यांची जागा त्याने घ्यावी असे मी म्हणणार नाही.

औषध बंद करू नका

सगळ्यांत काळजीचा भाग हा आहे. दम्याच्या मुलाला कोणीतरी प्राणायाम सुचवते, घरचे उत्साहाने सुरू करतात आणि रोजचा पंप बंद करतात. दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही. आठवडा जातो, महिना जातो, मूल ठणठणीत. योगाने दमा गेला अशी सगळ्यांची खात्री पटते. प्रत्यक्षात रोजचा पंप श्वासनलिकांची सूज दाबून ठेवत असतो आणि ती सूज हळूहळू परत येते. मग पहिल्या पावसात किंवा साध्या सर्दीने मूल रात्री दीड वाजता बसून श्वास घेऊ लागते. असे मूल मी दर पावसाळ्यात पाहतो. शिवाय, लहानपणीचा दमा अनेक मुलांत वयानुसार आपोआप कमी होतो. तेव्हाही श्रेय त्या वेळी जे काही चालू असेल त्याला मिळते.

दम्याच्या मुलाने संथ श्वसन जरूर करावे. घाबरल्यामुळे वाढणारी धाप त्याने आटोक्यात राहू शकते. पण पंप कमी करायचा की बंद, हे डॉक्टर तपासून ठरवतील. अटॅक आलेला असताना तर प्राणायाम करायला लावूच नका, तातडीचा पंप द्या आणि आराम पडत नसेल तर रुग्णालय गाठा.

लहान वयातल्या टाइप १ मधुमेहात शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. तिथे एक-दोन दिवस इन्सुलिन बंद ठेवणेही जिवावर बेतू शकते. कोणतेही आसन स्वादुपिंडातल्या नष्ट झालेल्या पेशी परत आणत नाही. फिट्सच्या गोळ्या आणि थायरॉइडची गोळी यांनाही हेच लागू.

काय टाळावे

श्वास रोखून धरणे, म्हणजे कुंभक, मुलांना नको. जोरजोरात केलेली कपालभाती आणि भस्त्रिका बारा वर्षांखालच्या मुलांना मी सुचवत नाही. मोठ्या मुलांनीही ती जाणकार शिक्षकासमोर, थोडी आणि चक्कर आल्यास लगेच थांबवून करावी. फिट्स येणाऱ्या मुलांनी ती करूच नये, कारण जोरजोरात भरभर श्वास घेतल्याने काहींना फिट येऊ शकते.

शीर्षासनाची मुलांना भारी हौस. पण त्यात शरीराचे वजन डोक्यावर आणि मानेवर येते, आणि मूल हलले किंवा शेजारच्याने धक्का दिला की मान दुखावते. भिंतीला पाय टेकवून पाठीवर पडणे घरच्यासाठी पुरेसे आहे. मायनस नंबर मोठा असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतेही उलटे आसन नको. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे सांधे सैल असतात, त्यांच्या बाबतीत मानेवर भार देणारी आसने धोक्याची ठरू शकतात. शिक्षकाने पाठीवर दाब देऊन किंवा पाय ओढून आसन 'पूर्ण' करून घेणे हे तर सरळ चूक आहे.

पाळीच्या दिवसांत मुलींनी योगासने बंद करायची का, असे आया विचारतात. बंद करायची गरज नाही. बालासन, मार्जारासन, पाय जुळवून सुप्त बद्धकोणासन यांनी ओटीपोटाच्या दुखण्यात आराम मिळू शकतो. उलटी आसने त्या दिवसांत न करण्याची परंपरा आहे, ती पाळली तर बिघडत काही नाही. मात्र दर महिन्याला शाळा बुडेल इतके दुखत असेल, तर तपासणी हवी.

घरी सुरुवात कशी करावी

दहा-पंधरा मिनिटे पुरतात, पण रोज. जेवणानंतर निदान दोन-तीन तासांनी. फरशीवर मोजे घालून करू नये, पाय घसरतो. सहा वर्षांखालच्या मुलांना आसन किती सेकंद टिकते हे मोजू नका. मांजर, बेडूक, साप, झाड असा खेळ होऊ द्या. मोठ्या मुलांना चार-पाच आसने, काही सूर्यनमस्कार, मग भ्रामरी आणि शवासन इतका क्रम चालतो. शिक्षा म्हणून योग करायला लावलेले मूल पुढे त्याकडे पाहतही नाही. आई-बाबांपैकी एक जण शेजारी चटई टाकून बसला, तर सांगावे कमी लागते.

आसन करताना ताण जाणवणे ठीक आहे. दुखणे ठीक नाही. व्यायाम करताना छातीत दुखले, शुद्ध हरपली, रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी असली किंवा एखादा सांधा सुजलेला राहिला, तर आसने थांबवून आधी तपासून घ्या.

शवासनात पंधरा वर्षांचा मुलगा दोन मिनिटांत घोरू लागला, तर त्याला ओरडू नका. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रात्री ८ ते १० तास झोप लागते, आणि क्लास, गृहपाठ, मोबाइल यांत त्याच्या वाट्याला सहाच तास येत असतील. त्याला चटईवर तसेच पडू द्या आणि त्या रात्री दिवा किती वाजता बंद होतो, ते पाहा.