पायलॉन शर्यतीचे संगणकी घड्याळ

पायलॉन शर्यतीत रेडिओ-नियंत्रित छोटी विमाने तीन खांबांभोवती डावीकडे वळत धावतात. आंतरराष्ट्रीय एफ3डी प्रकारात जवळचे दोन खांब एकमेकांपासून 40 मीटरवर असतात, तर तिसरा त्यांच्यापासून 180 मीटर दूर असतो. एक फेरी सुमारे 400 मीटरची, अशा दहा फेऱ्या. विमानांचा वेग ताशी 300 किलोमीटरच्या पुढे जातो, म्हणजे एका सेकंदात 83 मीटर. निकाल मात्र सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत लावायचा असतो. अनेक विमाने एकाच वेळी हवेत असताना हातातल्या घड्याळांवर आणि कागदावरच्या खुणांवर सारा भार टाकणे धोक्याचे, म्हणून संगणकाची मदत घेतली जाते.

सुरुवात मैदानापासून होते. भारतात 2021च्या ड्रोन नियमांखाली उड्डाणासाठी हवाई क्षेत्राचे लाल, पिवळे आणि हिरवे विभाग पाडलेले आहेत. झाशीसारख्या लष्करी छावणीच्या शहरात जागा ठरवण्यापूर्वी हा नकाशा पाहणे अत्यावश्यक आहे.

मैदानावर प्रत्येक विमानाच्या फेऱ्या मोजायला एक गणक बसतो. त्याच्या हातातले बटण तारेने संगणकाला जोडतात आणि संगणकाला ते कळफलकावरच्या एखाद्या कळीसारखे दिसते. दूरच्या खांबापाशी बसलेले पंच खांब चुकवणाऱ्या विमानाची नोंद करतात. त्यांच्यासाठी स्वतंत्र बटणे ठेवावीत आणि प्रत्येक विमानाला एकच ठळक रंग द्यावा. तोच रंग बटणावर आणि पडद्यावरही असला, की गडबड टळते.

मग संगणकातल्या वेळमापन प्रणालीत फेऱ्यांची संख्या, स्पर्धकांची नावे आणि शर्यतींचे गट भरायचे. विमाने एकेका सेकंदाच्या अंतराने सुटतात, त्यामुळे प्रत्येकाचे घड्याळ त्याच्याच इशाऱ्यावर सुरू झाले पाहिजे. हे अंतर भरायचे राहिले, तर शेवटी सुटलेल्यावर अन्याय होतो. आणखी एक मोलाची मांडणी म्हणजे फेरीचा किमान वेळ. चांगले विमान सुमारे सहा सेकंदांत फेरी पुरी करते, म्हणून चार सेकंदांच्या आत आलेला दुसरा दाब प्रणालीने मोजू नये. बोट चुकून दोनदा पडले, तरी हिशेब बिघडत नाही.

दंडाचे गणितही आधीच भरून ठेवतात. एकदा खांब चुकला, की वेळेत दहा टक्के भर पडते. 62.40 सेकंदांच्या शर्यतीला 6.24 जोडले, की 68.64 होतात. दुसऱ्यांदा चुकला, तर त्या शर्यतीतली वेळ धरली जात नाही आणि दंडाचा आकडा मिळतो.

यानंतर विमानाशिवाय रंगीत तालीम घ्यावी. गणकांनी ठरल्या वेळी बटणे दाबावीत, एकाने मुद्दाम एक दाब चुकवावा, पंचाने दंड नोंदवावा, आणि पडद्यावरचा निकाल हाताने काढलेल्या हिशेबाशी ताडून पाहावा. बटण दाबणारा माणूसच असतो. त्याच्या प्रतिक्रियेला दोन दशांश सेकंद लागले, तर तेवढ्यात विमान सुमारे सतरा मीटर पुढे गेलेले असते. म्हणून गणकाने नजर अंतिम रेषेवर ठेवून विमान येताना त्याची लय पकडायला शिकावे. हा सराव कोणतीही प्रणाली त्याच्यासाठी करू शकत नाही.

शर्यतीच्या दिवशी संगणकाची बॅटरी पूर्ण भरलेली असावी, पडदा उन्हापासून झाकलेला असावा आणि प्रत्येक शर्यतीनंतर नोंदी जतन व्हाव्यात. प्रत्येक विमानासाठी हातातले एक घड्याळही चालू ठेवावे. वाद झाला किंवा तार तुटली, तर स्पर्धकाची कमाई त्याच नोंदीवर शाबूत राहते.