ब्रेझा : दोन पिढ्या, तीन इंधने आणि घरचा हिशेब

व्यापारी कुटुंबातील मोटार एकट्या माणसाची कधीच नसते. सोमवार ते शनिवार ती पेढीची असते; मालाचे नमुने, हिशेबाच्या फाइली आणि वसुलीचे दौरे तिच्या वाट्याला येतात. रविवारी ती घरची होते आणि आजी-आजोबांसह कुंभोजगिरीला किंवा गजपंथाला निघते. चातुर्मासात व्याख्यानासाठी, लग्नसराईत नातलगांसाठी, आजारपणात इस्पितळासाठी तीच गाडी धावते. म्हणून अशा घरात गाडीची निवड करताना वेग आणि दिमाख यांपेक्षा ओझे, चढ, खर्च आणि सुरक्षितता यांचा विचार अधिक करावा लागतो.

गेल्या दशकात आपल्याकडील अनेक कुटुंबांनी हा विचार करून जी गाडी घेतली, ती मारुती सुझुकीची ब्रेझा. मार्च २०१६ मध्ये ती ‘विटारा ब्रेझा’ या नावाने आली, २०२० मध्ये तिचे इंधन बदलले आणि ३० जून २०२२ रोजी तिची दुसरी पिढी नुसत्या ‘ब्रेझा’ या नावाने बाजारात उतरली. आज कोणी जुनी ब्रेझा विकून नवी घेण्याच्या विचारात आहे, तर कोणी पुतण्यासाठी वापरलेली ब्रेझा शोधत आहे. नवे ते सर्व बाबतींत सरस असते, असे आपण सहज गृहीत धरतो. या गाडीचा इतिहास पाहिला तर तसे दिसत नाही. काही गुण वाढले, काही गेले आणि काही जागच्या जागी राहिले. कोणता गुण आपल्या कामाचा आहे, हे ज्याचे त्याने ठरवायचे आहे.

चार मीटरची मर्यादा

ब्रेझाची लांबी दोन्ही पिढ्यांत ३९९५ मिलिमीटर आहे. चार मीटरला पाच मिलिमीटर कमी, हा योगायोग नव्हे. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान मोटारींवरील उत्पादन शुल्क घटवण्यात आले. त्यासाठी लांबी चार मीटरपेक्षा कमी, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत, अशी व्याख्या ठरली. वस्तू व सेवा कर आल्यावरही ही व्याख्या टिकली. भारतात छोट्या एसयूव्हींचा जो वर्ग उदयास आला, त्याचे मूळ या सवलतीत आहे.

पुढील चाकापासून मागील चाकापर्यंतचे अंतरही दोन्ही पिढ्यांत २५०० मिलिमीटर, रुंदी १७९० मिलिमीटर आणि डिकी ३२८ लिटरची आहे. अर्थात पाच माणसांची बैठक आणि सामानाची जागा यांत मोठा फरक पडलेला नाही. मागे दोघे ऐसपैस बसतात. तिसरा बसला की सर्वांनाच थोडे आवरून बसावे लागते. गाडी उंच असल्याने आसन कमरेच्या पातळीवर येते. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना तिच्यात वाकून उतरावे किंवा चढून बसावे लागत नाही. हा तिचा गुण पहिल्या दिवसापासूनचा आहे.

पहिली पिढी : डिझेलचा काळ

२०१६ ची विटारा ब्रेझा मारुतीच्या भारतीय अभियंत्यांनी देशातच विकसित केली होती. २०१७ सालचा ‘इंडियन कार ऑफ द इयर’ पुरस्कारही तिला मिळाला. आरंभीची किंमत ६.९९ लाख रुपये होती आणि इंजिन एकच मिळत असे : फियाटच्या तंत्रज्ञानाचे १२४८ सीसीचे डिझेल. भारतातील इतक्या गाड्यांमध्ये हे इंजिन बसले होते की, जाणकार त्याला थट्टेने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणत.

त्याची ताकद ९० अश्वशक्ती होती. पण व्यापाऱ्याच्या कामाचा आकडा दुसराच होता. २०० न्यूटन-मीटरचा जोर अवघ्या १७५० फेऱ्यांवर मिळत असे. पाच माणसे आणि भरलेली डिकी घेऊन कसारा घाट चढताना वरचेवर गिअर उतरवावा लागत नसे. कंपनीचा मायलेजचा दावा लिटरला २४.३ किलोमीटरचा होता. प्रत्यक्ष रस्त्यावर आकडा त्याहून कमी येई, तरीही महिन्याला दोन हजार किलोमीटर फिरणाऱ्या माणसाला ती परवडत असे.

उणिवाही होत्या. इंजिनाचा आवाज आत येई आणि कमी फेऱ्यांवर, टर्बो जागा होण्यापूर्वी, गाडी रेंगाळत असे. २०१८ मध्ये स्वयंचलित गिअर आला, पण तो साध्या गिअरपेटीलाच यंत्राने चालवण्याचा प्रकार होता. गिअर बदलताना बसणारा हिसका मागे बसलेल्यांना जाणवे. त्याच वर्षी एक मोलाचा बदल झाला : दोन एअरबॅग आणि एबीएस ब्रेक सर्व प्रकारांत सक्तीचे झाले. त्यामुळे या पिढीची वापरलेली गाडी घेताना २०१८ च्या मध्यापूर्वीची आहे की नंतरची, हे अवश्य पाहावे.

२०२० : नाव तेच, स्वभाव निराळा

एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे मानक लागू झाले. लहान डिझेल इंजिन त्या मानकात बसवण्याचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. ब्रेझाला १४६२ सीसीचे पेट्रोल इंजिन मिळाले. ताकद १०५ अश्वशक्ती झाली, परंतु जोर १३८ न्यूटन-मीटरवर आला आणि तोही ४४०० फेऱ्यांवर.

या एका बदलाने गाडीचा स्वभाव पालटला. शहरात ती शांत, गुळगुळीत आणि चालवण्यास सोपी झाली. घाटात मात्र इंजिन फिरवत ठेवावे लागू लागले. चार गिअरांची खरी स्वयंचलित गिअरपेटी आली. तीत हिसके नव्हते, पण गिअर कमी असल्याने महामार्गावर इंजिनाचा आवाज चढत असे. ज्यांचा प्रवास मुख्यतः गावातल्या गावात होता, त्यांना हा बदल सुखाचा वाटला. जिल्ह्या-जिल्ह्यांत फिरणाऱ्यांना डिझेलची उणीव भासली.

दुसरी पिढी

२०२२ ची ब्रेझा ७.९९ लाखांपासून सुरू झाली. क्षमता तीच, पण इंजिन सुधारित होते. मायलेजचा दावा साध्या गिअरमध्ये लिटरला २०.१५ किलोमीटरपर्यंत गेला. स्वयंचलित गिअरपेटी सहा टप्प्यांची झाली आणि मागील तक्रार बरीचशी दूर झाली. जोर मात्र १३६.८ न्यूटन-मीटर, म्हणजे जवळजवळ पूर्वीइतकाच राहिला. छताची सरकती काच, चहूबाजूंनी दिसणारा कॅमेरा, समोरच्या काचेजवळ वेग दाखवणारा पडदा अशा सोयी वरच्या प्रकारांत आल्या. बाजारपेठेच्या अरुंद गल्लीत गाडी मागे घेताना कॅमेऱ्याचा उपयोग खरा आहे. छताच्या काचेचे सुख महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

सीएनजीचा हिशेब

मार्च २०२३ मध्ये सीएनजीची ब्रेझा आली. किलोला २५.५१ किलोमीटरचा दावा आणि पेट्रोलपेक्षा सुमारे ९५ हजार रुपये अधिक किंमत. आता वहीत मांडू. समजा, पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि सीएनजी किलोला ८० रुपये आहे. प्रत्यक्षात पेट्रोलवर १५ आणि सीएनजीवर २० किलोमीटर मिळतात असे धरले, तर खर्च किलोमीटरला अनुक्रमे ७ आणि ४ रुपये येतो. बचत ३ रुपयांची. ९५ हजार वसूल होण्यास सुमारे ३१,७०० किलोमीटर लागतील. महिन्याला १५०० किलोमीटर फिरणाऱ्याचे पैसे पावणेदोन वर्षांच्या आसपास सुटतील. ८०० किलोमीटर फिरणाऱ्यास तीन वर्षे आणि चार महिने थांबावे लागेल. आपल्या गावचे दर आणि आपले किलोमीटर घालून हा हिशेब प्रत्येकाने स्वतः करावा.

त्यात दोन गोष्टी विसरू नयेत. सीएनजीवर ताकद ८८ अश्वशक्ती आणि जोर १२१.५ न्यूटन-मीटर इतका उतरतो. दुसरे म्हणजे, टाकी डिकीतच बसते आणि बहुतेक जागा व्यापते. कापडाचे नमुने, भांड्यांची खोकी किंवा यात्रेला जाताना पूजेची वस्त्रे, डबे आणि उकळलेल्या पाण्याच्या कळशा कोठे ठेवायच्या, हा प्रश्न खरेदीपूर्वी सोडवावा. टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करून घ्यावी लागते, हेही ध्यानात असावे.

पेढीच्या वहीत गाडी

इंधनाबरोबर करही बदलला, हे फार थोड्यांच्या लक्षात आले. पहिल्या पिढीचे डिझेल १५०० सीसीच्या आत असल्याने ती लहान मोटार ठरत होती. वस्तू व सेवा कर आणि उपकर मिळून तिच्यावर ३१ टक्के आकारणी होती. पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या वर गेले आणि लांबी तीच असूनही आकारणी ४५ टक्के झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून नवे दर लागू झाले, तेव्हा लहान मोटारी १८ टक्क्यांवर आल्या. पेट्रोलची ब्रेझा ४० टक्क्यांच्या गटात गेली. याच आकाराची, १२०० सीसीच्या आतील इंजिनाची गाडी मात्र १८ टक्क्यांत बसते. किंमत पडताळताना हा फरक डोळ्यांसमोर असू द्यावा.

गाडी पेढीच्या नावावर घेतली म्हणून भरलेल्या कराचे क्रेडिट सर्वसामान्य व्यापाऱ्यास मिळत नाही. तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी वाहनांवर कायद्याने ते रोखले आहे. आयकरात १५ टक्के घसारा मिळतो, तोही धंद्याच्या वापरापुरता. १२ लाखांच्या गाडीची पुस्तकी किंमत पूर्ण दराने पाच वर्षांत सुमारे ५ लाख ३२ हजारांवर येते. घसारा घेतलेली गाडी नोंदणीकृत व्यापाऱ्याने त्याहून अधिक भावाने विकली, तर फरकावर वस्तू व सेवा कर लागतो. ब्रेझासारख्या मागणी असलेल्या गाडीबाबत हे घडू शकते, म्हणून सौद्यापूर्वी आपल्या सनदी लेखापालांशी बोलावे.

तारे आणि ईर्यासमिती

‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने २०१८ मध्ये दोन एअरबॅगांच्या विटारा ब्रेझाची धडक-चाचणी घेतली. प्रौढांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले, मुलांच्या सुरक्षेसाठी मात्र दोनच. त्याच वर्षी टाटाच्या नेक्सॉनने प्रौढांसाठी पाच तारे मिळवले. नातवंडांना मागे बसवणाऱ्या कुटुंबाने मुलांचे तारे आधी पाहावेत. तसेच २०१८ चे तारे २०२२ च्या गाडीस आपोआप लागू होत नाहीत, हेही समजून घ्यावे.

दुसऱ्या पिढीत गाडी घसरू न देणारी ईएसपी यंत्रणा आणि चढावर गाडी मागे जाऊ न देणारी व्यवस्था आली. सहा एअरबॅग प्रथम फक्त सर्वांत वरच्या प्रकारात होत्या. २०२५ मध्ये त्या सर्व प्रकारांत आल्या. २०२२ ते २०२४ मधील गाडी घेताना आपल्या प्रकारात नेमके काय आहे, हे यादी हाती घेऊन तपासावे. या गाडीच्या इतिहासात निखळ प्रगती कोठे झाली असेल, तर ती येथे.

परंतु यंत्रणा आतल्या माणसांना वाचवते. बाहेरच्या जीवाचे काय? महामार्गावरून पायी विहार करणाऱ्या साधू-साध्वींना वाहनांची धडक बसल्याच्या वार्ता समाजाने वारंवार ऐकल्या आहेत. पहाटेच्या अंधुक उजेडात श्वेत वस्त्रेही उशिरा दिसतात. आपले मुनिजन पावलापुढची भूमी न्याहाळून चालतात. त्यास आपण ईर्यासमिती म्हणतो. चाकावर बसलेल्या श्रावकास तितकी दक्षता शक्य नसेल, तरी दिवे स्वच्छ ठेवणे, टायर वेळेवर बदलणे आणि वस्तीजवळ वेग उतरवणे शक्य आहे. चौविहारासाठी सूर्यास्तापूर्वी घर गाठण्याच्या घाईत संध्याकाळी वेग वाढतो, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. सोबत डबा घ्यावा आणि वाटेत थांबून वेळेत भोजन उरकावे. नियम पाळण्यासाठी जीव धोक्यात घालू नये.

आणखी एक बारीक गोष्ट. ज्या प्रकारात स्टीअरिंगला किंवा आसनांना चामड्यासारखे वेष्टन असते, ते अस्सल की कृत्रिम, हे विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्यावे. अस्सल असल्यास खालचा प्रकार घेऊन कापडी वेष्टन लावता येते.

कोणी कोणती घ्यावी

ज्यांचे फिरणे लांबचे, घाटाचे आणि सामानाचे आहे आणि ज्यांच्याकडे २०१८ नंतरची डिझेल ब्रेझा चांगल्या स्थितीत आहे, त्यांनी केवळ नवेपणासाठी ती काढू नये. तिच्या जोराची बरोबरी पुढच्या कोणत्याही ब्रेझाने केलेली नाही. ज्यांच्या घरी वृद्ध आणि लहान मुले आहेत व प्रवास शहरी आहे, त्यांनी सहा एअरबॅगांची दुसऱ्या पिढीची पेट्रोल गाडी पाहावी. महिन्याला दीड हजार किलोमीटर आणि हाताशी सीएनजीचा पंप असेल, पण डिकीची गरज थोडी असेल, तर सीएनजी योग्य.

श्रावकाच्या चौदा नियमांत वाहनाचाही एक नियम आहे. आज किती वाहने वापरीन, याची मर्यादा तो सकाळीच ठरवतो. वाहन विकत घेतानाही अशी मर्यादा ठरवली, म्हणजे गरज लिहून काढली आणि मगच शोरूमची पायरी चढली, तर पैसाही वाचेल आणि परिग्रहही आवरता राहील.