चिप चुकते तेव्हा

कॉम्प्युटरने काढलेले बिल कोणी पुन्हा बेरीज करून पाहत नाही. ‘मशीन चुकत नाही, चुकतो तो माणूस’ ही समजूत यावलच्या दुकानात जितकी पक्की, तितकीच मुंबईच्या बँकेत. पण मशीनही चुकते, आणि त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण थेट इंटेलच्या पेंटियमचे आहे.

पुण्यात जन्मलेले इंटेलचे अभियंते विनोद धाम यांचे नाव या चिपशी कायमचे जोडले गेले आहे. मार्च 1993 मध्ये पेंटियम बाजारात आला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या व्हर्जिनियातले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांची मूळ संख्यांवरची आकडेमोड जुळेना. आपल्या प्रोग्रामवर, मग बाकीच्या सुट्या भागांवर संशय घेऊन झाल्यावर दोष निघाला प्रोसेसरमध्ये. 41,95,835 ला 31,45,727 ने भागले की उत्तर यायला हवे 1.33382; पेंटियम द्यायचा 1.33374. भागाकार झटपट व्हावा म्हणून चिपमध्येच एक कोष्टक कोरलेले होते आणि त्यातल्या 1,066 नोंदींपैकी 5 भरायच्या राहून गेल्या होत्या.

मग पेंटियम निकामी होता का? तसेही नाही. बहुतेक भागाकार बिनचूकच येत. इंटेलच्या मते सामान्य ग्राहकाला ही चूक 27,000 वर्षांत एकदा भेटली असती. आयबीएमने हिशेब मांडला 24 दिवसांत एकदा, आणि पेंटियमचे कॉम्प्युटर विकणेच थांबवले. दोघांनीही आपापल्या सोयीचे आकडे धरले होते, असे म्हणायला जागा आहे. आयबीएम तेव्हा ॲपल आणि मोटोरोलाच्या साथीने पॉवरपीसी ही स्पर्धक चिप पुढे आणत होती! आधी ‘गरज पटवून द्या, मग बदलून देऊ’ म्हणणारे इंटेल 20 डिसेंबर 1994 रोजी नमले. मागेल त्याला नवी चिप मिळाली. कंपनीला त्यापायी 47.5 कोटी डॉलरचा भुर्दंड पडला.

दुसरी समजूत दुकानदारच पसरवतात: एएमडी म्हणजे इंटेलची स्वस्त नक्कल. हे अर्धेच खरे. आयबीएमला एकाच पुरवठादारावर विसंबायचे नव्हते, म्हणून 1982 मध्ये इंटेलनेच आपली रचना वापरण्याचा परवाना एएमडीला दिला. पण 2003 मध्ये एएमडीने जुने प्रोग्राम चालवणारी 64 बिटची चिप आणली आणि पुढे इंटेललाच ती पद्धत उचलावी लागली. धाम यांचा प्रवासही गमतीचा आहे. 1995 मध्ये इंटेल सोडून ते नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले, ती कंपनी एएमडीने विकत घेतली आणि तिच्या आराखड्यातून 1997 चा के6 आला. तो पेंटियमच्याच मदरबोर्डवर बसायचा.

एएमडी धुतल्या तांदळासारखी आहे असेही समजू नये. 2007 च्या फेनॉम चिपमध्ये दोष निघाला आणि त्यावरच्या उपायाने कॉम्प्युटरच मंदावला. जानेवारी 2018 मध्ये उघड झालेल्या ‘स्पेक्टर’ या सुरक्षेतल्या दोषाने तर इंटेल, एएमडी आणि मोबाइलमधले एआरएम, सगळ्यांनाच गाठले.

‘एखादा कोअर, म्हणजे आकडेमोड करणारा एक भाग, बंद केलेली चिप म्हणजे डिफेक्टिव्ह माल’ हा समज मात्र यावलच्या केळीच्या पट्ट्यात तरी टिकू नये. इथे घडांची प्रतवारी होते, वापसीचा, म्हणजे कमी प्रतीच्या घडांचा, भाव वेगळा लागतो; पण वापसी म्हणजे सडका माल नव्हे. चिपचेही तसेच. एएमडीचे तीन कोअरचे फेनॉम हे चार कोअरच्याच चिपमधला एक बंद करून विकले गेले. इंटेलच्या नावाअखेर ‘एफ’ असेल तर आतले ग्राफिक्स बंद असते. उरलेला भाग तपासलेला असतो. फक्त ‘एफ’ घेतल्यावर वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते, नाहीतर स्क्रीन काळाच राहतो.

शेवटची समजूत सध्या महागात पडणारी आहे: अपडेट टाकले की चिप बरी होते. इंटेलच्या 13व्या आणि 14व्या पिढीच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरना जादा व्होल्टेज मिळत होते. त्याने चिप झिजते आणि कॉम्प्युटर अधूनमधून कोसळतो. ऑगस्ट 2024 पासूनची बायोसची (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरची) अपडेट पुढची झीज रोखण्यासाठी आहेत. झालेली झीज भरून निघत नाही. म्हणून इंटेलने या चिपची वॉरंटी 2 वर्षांनी वाढवली. सेकंडहँड घेताना नावातल्या डॅशपुढचे आकडे पाहावेत: 13 किंवा 14 असतील तर बायोसची तारीख आणि मूळ बिल आधी मागावे. लॅपटॉपच्या प्रोसेसरना हा दोष नाही, असे इंटेलचे म्हणणे आहे.